सूर्याला बरं नाही

वसुधा : "वसू, आत ये. सूर्याला बरं नाही. आजारी माणसाकडं असं टक लावून बघू नये बाळा, त्याला लाज वाटते." अशी हाक मारायची आई, कऱ्हाडच्या घराच्या मागच्या दारातून. आठवतं का रे दादा?

हेमचंद्र : आठवतं. आणि आईनं शाळेचं तोंड तिसरीपर्यंतच बघितलं होतं, हेही आठवतं. तू फिजिक्सची एम.एस्सी. आहेस, वसू! चारला इथं स्कूल बोर्डाची मीटिंग आहे. आत्ता अडीच वाजून गेलेत. डेट्रॉइटहून विमान, पुढं पाच तास रेंटल कार, असं करत मी ॲरिझोनातल्या ह्या नावाहो इंडियनांच्या माळावर आलोय, ते काय तुझ्या शाळेच्या किचनमध्ये बसून बटाटे सोलायला?

एल्सी : तुमची भाषा मला येत नाही. पण बटाटा कळतो. ह्याचा अर्धा सालीबरोबर गेला.

वसुधा : ऐकलंस? आता इंग्रजीत बोल. तिच्या स्वयंपाकघरात बसून तिला न कळेलसं भांडणं बरं दिसत नाही. ही एल्सी. सकाळी शाळेची बस चालवते, दुपारी पोरांना जेवू घालते. तासाभरापूर्वी ओढ्याच्या वाळूत रुतलेली तुझी गाडी बसला दोर बांधून ओढून काढली, तीही हिनंच. मी हिला मावशी म्हणते.

एल्सी : आमच्यात आईच्या बहिणीला धाकटी आई म्हणतात. मावशी म्हणजेही तेच, असं ही सांगते. मग म्हटलं, चालेल. भांडण कुठल्याही भाषेत कळतं. खुशाल भांडा. पण हा कोण, ते आधी सांग.

हेमचंद्र : मी हेमचंद्र. सीनियर प्रॉडक्ट इंजिनियर. मिशिगनला असतो, नोव्हायला. गाड्यांच्या ब्रेक सिस्टिम्स बघतो.

एल्सी : तरीच वाळूत शिरताना ब्रेक दाबलास. दाबायचा नसतो. आणि हे झालं तुझं काम. मी विचारलं, तू कोण.

वसुधा : ती तुझं कूळ विचारतेय, दादा. इथं माणूस आधी आईचं कूळ सांगतो, मग बापाचं, मग दोन्ही आजोबांचं. नोकरी सगळ्यात शेवटी. ती काय, आज आहे, उद्या नाही.

एल्सी : मी कडू पाण्याच्या लोकांची. उंच घराच्या लोकांसाठी जन्मलेली. एवढं सांगितलं की समोरच्याला कळतं, ही आपली आत्या लागते, का बहीण, का नुसती थट्टा करायची हिची.

हेमचंद्र : आईचं कूळ... म्हणजे गोत्र? अहो, आमच्यात लग्नानंतर बायकांचं... आय मीन, मला खरंच कल्पना नाही.

वसुधा : कळंब. आईच्या माहेरचं देवक कळंबाचं. तुझ्या लग्नात मांडवाला पाच झाडांच्या डहाळ्या बांधल्या, ते बाबांकडचं, पंचपल्लव. फोटो काढून घेतलास ना त्यांच्याबरोबर? सूटमध्ये?

एल्सी : झाड. बरं. झाडाच्या लोकांचा आहेस. मग बस आता. आणि साल जरा पातळ काढ. माणसं यायचीत, स्ट्यू पुरला पाहिजे.

हेमचंद्र : कोण माणसं? साठ मैलांत मला तीन घरं दिसली आणि एक घोडा. वसू, प्लीज. हा कागद बघ. मिस्टर ग्रँजर, तुझे सुपरिंटेंडंट, माझ्याशी फोनवर अर्धा तास बोलले. डीसंट माणूस आहे. त्यांचा ड्राफ्ट मी विमानात बसून सुधारला. दोनच वाक्यं आहेत. "तीस मे एकोणीसशे चौऱ्याऐंशी रोजी सूर्यग्रहणाच्या वेळी पालकांच्या व स्थानिक समाजाच्या दबावामुळे मला विज्ञानाचा ठरलेला कार्यक्रम बंद ठेवावा लागला. त्याबद्दल मी दिलगीर आहे." संपलं. सही कर. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू, शहरातल्या मोठ्या हायस्कूलमध्ये पोस्टिंग, आणि ग्रीन कार्डाची फाइल आहे तशी चालू. नाही केलीस, तर ऑगस्टनंतर ह्या देशात तुला उभं राहायला जागा नाही.

वसुधा : शहरातल्या हायस्कूलमध्ये. इथल्या नाही. का, ते विचारलंस त्या डीसंट माणसाला?

हेमचंद्र : का म्हणजे? प्रमोशन आहे ते.

वसुधा : कारण ही शाळा राहणारच नाही. अठ्ठावन्न पोरांची शाळा, दोन वर्षं बोर्डाच्या डोळ्यांत खुपतेय. बंद करायला कारण मिळत नाही. पोरं येतात, पास होतात, चारजण कॉलेजात गेले. ह्या कागदावर माझी सही पडली की कारण मिळालं. "बघा, शिक्षिका स्वतः लिहून देते, इथले आईबापच शिक्षणाच्या आड येतात." मग पोरं चालली नव्वद मैलांवरच्या बोर्डिंगात.

एल्सी : मी होते त्या बोर्डिंगात. सूप वाईट होतं.

हेमचंद्र : पण त्यात खोटं काय आहे? प्रेशर होतंच ना? मी वाचलंय, इथे ग्रहण पाळतात.

एल्सी : पाळतो. दारं लावतो. खात नाही, पीत नाही, झोपत नाही. गप्प बसतो. सूर्य तेवढ्या वेळात मरतो आणि पुन्हा जन्मतो. बाळंतिणीच्या खोलीत कुणी मान घालून बघतं का?

हेमचंद्र : तेच तर मी म्हणतोय! मग लोकांनी हिला अडवलं.

वसुधा : कुणी नाही अडवलं, दादा. तेच कुणाला खरं वाटत नाही. अरे, कार्यक्रम माझाच होता. एप्रिलपासून मी पोरांकडून पेट्या करून घेत होते. सरकारी चीज येतं ना घरोघर, त्याचे लांबट खोके. एका टोकाला टाचणीचं भोक, दुसऱ्या टोकाला आतून पांढरा कागद. उन्हाकडं पाठ करून उभं राहायचं, की भोकातून ऊन आत शिरतं आणि कागदावर हरभऱ्याएवढा सूर्य पडतो. अठ्ठावन्न पेट्या. पोरांनी त्या इतक्या निगुतीनं केल्या, कडा चिकटपट्टीनं बंद केल्या, नावं घातली. कुणी हूं की चूं केलं नाही. मला वाटलं, काय गोडी लागलीय विज्ञानाची!

एल्सी : आम्ही "नाही" असं तोंडावर म्हणत नाही. गप्प बसतो. शहाण्याला कळतं. हिला पाच वर्षं लागली.

वसुधा : मार, अजून मार टोमणे. हक्क आहे तुझा.

एल्सी : मारतेच आहे. बटाटा संपला, कांदा घे.

हेमचंद्र : मग त्या दिवशी पोरं आलीच नसतील. ॲब्सेंट.

वसुधा : सगळी आली. अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न. अशा दिवशी इथं कुत्रंसुद्धा अंगणात सोडत नाहीत, आणि ही बस भरून घेऊन आली.

एल्सी : घरोघर तेच. "मिस एकटीच बाहेर उभी राहील. तिला एकटीला कसं सोडायचं?" आया म्हणाल्या, जा. मी ताशी वीस मैलांनी बस आणली. पुढचा रस्ता सोडून कुठं बघितलं नाही.

हेमचंद्र : वेट. म्हणजे तुमच्या श्रद्धेच्या विरुद्ध, तुमचीच पोरं, तुम्ही स्वतः घेऊन आलात? हिला वाईट वाटू नये म्हणून?

एल्सी : त्यांची मास्तरीण आहे ना ती.

वसुधा : आणि मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. साडेआठला ग्रहण लागायचं होतं. शाळेच्या शेवटच्या आठवड्याचा उत्साह, मी तर नुसती नाचत होते. शहरातून ग्रँजर पेपरचा फोटोग्राफर घेऊन यायचे होते. सगळी वर्गात बसलेली, मांडीवर पेट्या. दाराशी मार्लीन उभी. मार्लीन म्हणजे हिची मुलगी, माझ्या वर्गात मदतनीस आहे. सहावा महिना होता तिला. मी म्हटलं, "मार्लीन, उघड दार, चला सगळे बाहेर." तिनं दाराच्या मुठीवर हात ठेवला. आणि दुसरा हात दादा, आपसूक पोटावर गेला. पदर ओढून घ्यावा तसा. तिनं दार उघडायला घेतलं. ती उघडणार होती! एक शब्द बोलली नाही. पोरं उठली. पन्नास-साठ माणसं आणि खुर्चीचा आवाज नाही. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं...

हेमचंद्र : काय?

वसुधा : "वसू, आत ये. सूर्याला बरं नाही."

हेमचंद्र : आईचा आवाज?

वसुधा : एवढ्या स्वच्छ आवाजात, की मी मागं वळून बघितलं. मग मी म्हटलं, पेट्या खाली ठेवा. पडदे ओढून घ्या. पडदे पुरले नाहीत तर मावशीनं ह्या स्वयंपाकघरातली टेबलावरची कापडं आणली. दाराला आतून कडी घातली मी. कुणी सांगितलं नाही, दबाव नाही, काही नाही. मी. माझ्या हातानं.

एल्सी : मग तो आला. दार वाजवत राहिला. मुठीनं. त्याच्यामागं फोटोवाला.

वसुधा : "मिस पिंगळे, ओपन धिस डोअर!" मी आतून एवढंच म्हटलं, "सूर्य बाहेर येऊ दे, मग मी येते."

हेमचंद्र : असं म्हणालीस? तुझ्या बॉसला?

एल्सी : म्हणाली. आता हे वाक्य सगळ्या माळावर फिरतंय. माझा भाऊ बायकोला म्हणतो, ऊठ, चहा कर. ती म्हणते, सूर्य बाहेर येऊ दे.

हेमचंद्र : मॅडम, हे फनी नाहीये. ही सायन्स टीचर आहे. त्यांचं म्हणणं एवढंच आहे, की सायन्सच्या वर्गात तुम्ही सुपरस्टिशन शिकवलंत. आणि सॉरी, वसू, पण मला ते पटतं.

वसुधा : पटतं? बरं, मग हे ऐक. पडदे बंद होते, सूर्य कुणी बघितला नाही. फळ्यावर माझ्या वर्गातल्या लुसिंडानं गणित मांडलं होतं, तिचं तिनं, आदल्या आठवड्यात. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी सुटणार. सगळी घड्याळाकडं बघत गप्प. दहा अठ्ठावन्नला लुसिंडा उठली आणि पडदा सारला. फरशीवर आख्खं ऊन पडलं. आख्खं. चतकोर नाही, कोर नाही. न बघता, भिंतीआड बसून, आभाळातली वेळ मिनिटावर सांगितली ह्या पोरांनी. ह्याला विज्ञान म्हणत नाहीत, तर मग कशाला म्हणतात रे? फोटो काढून घेण्याला?

हेमचंद्र : हे... हे मात्र बरोबर आहे. हे तू लेखी दे. लुसिंडाचं कॅलक्युलेशन जोडू आपण, एक्झिबिट ए. पण ते आईचा आवाज वगैरे मीटिंगमध्ये काढू नकोस. हसतील.

वसुधा : हसू देत. मी तेच पहिल्यांदा सांगणार आहे.

हेमचंद्र : का? अगं का? आई प्रेमळ होती, सगळं खरं, पण अडाणी होती. तिची ही भीती मी स्वतः घालवली आहे! मी सातवीत होतो. फुटक्या तावदानाच्या काचेवर चिमणीची काजळी धरली, तिचा हात धरून तिला अंगणात नेलं, म्हटलं, बघ, काही होत नाही. आणि तिनं बघितलं. म्हणाली, "बघितलं रे बाळा, चतकोर भाकरीसारखा दिसतोय." माझं पहिलं एक्स्पेरिमेंट ते. त्या दिवशी मी ठरवलं, इंजिनियर व्हायचं.

वसुधा : माहीत आहे. डेट्रॉइटच्या गणेशोत्सवात दर वर्षी सांगतोस. टाळ्या पडतात.

हेमचंद्र : पडतात, कारण गोष्ट खरी आहे.

एल्सी : काजळीची काच?

हेमचंद्र : हो. त्यातून बघितलं की डोळ्यांना त्रास होत नाही, असं तेव्हा सांगायचे.

एल्सी : आम्हालाही दिली होती. मी सहा वर्षांची. बोर्डिंगात जाऊन महिना झालेला. आम्हाला अंगणात रांगेनं उभं केलं, प्रत्येकीच्या हातात एकेक काळी काच. मास्तर म्हणाले, वर बघा. नाही बघितलं तर छडी. मी काच डोळ्यांपुढं धरली. आणि काचेमागं डोळे मिटून घेतले.

हेमचंद्र : आणि बाकीच्या मुली?

एल्सी : नंतर जेवताना एकमेकींना विचारलं. चाळीस मुली. चाळीस काचा. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मास्तर फार खूश होते. फोटो काढला. अजून लावलेला आहे म्हणे तिथं भिंतीवर, "विज्ञान शिकणाऱ्या मुली."

हेमचंद्र : ओह गॉड.

एल्सी : हसतोस काय? हस. आम्हीही हसलो होतो. तोंडावर हात ठेवून.

वसुधा : दादा...

हेमचंद्र : काय गं? डोळे का पुसतेस?

वसुधा : कांदा आहे. नाही, कांदा नाही. दादा, मी तेव्हा पहिलीत होते. तू आईला अंगणात ओढलंस तेव्हा मी तिच्या पदराला धरून मागनं आले. मी बुटकी, अगदी तिच्या पायाशी उभी. तू समोरून बघत होतास, तुला काच दिसत होती. मला खालून काचेच्या आतलं दिसत होतं.

हेमचंद्र : काय दिसत होतं?

वसुधा : तिचे डोळे मिटलेले होते.

हेमचंद्र : नाही.

वसुधा : घट्ट. पापण्या थरथरत होत्या.

हेमचंद्र : वसू, नाही. तिनं मला सांगितलं ना, चतकोर भाकरी! न बघता कसं सांगेल?

वसुधा : आदल्या दिवशी तू पाटीवर काढून दाखवलं होतंस तिला. सूर्य असा दिसेल, असा खाल्ल्यासारखा. चुलीपुढं बसून दाखवलंस. तिला चतकोर आठवली.

हेमचंद्र : तू हे... एकोणतीस वर्षं बोलली नाहीस?

वसुधा : तिनं काच खाली घेतली, तशी माझ्याकडं बघितलं आणि ओठावर बोट ठेवलं. तू असा उड्या मारत होतास अंगणात! तुझं मन मोडायचं नव्हतं तिला. माझ्याकडूनही मोडलं गेलं नाही. आणि आता ती नाही, तर वाटायचं, ह्याच्याकडं आईची एवढी एक गोष्ट आहे सांगायला, ती कशाला हिसकावून घ्या? पण त्या दिवशी मार्लीनचा हात पोटावर गेला ना, तेव्हा मला ती काच दिसली. म्हटलं, आपल्याला शिकवणाऱ्याचं मन राखायला माणसांनी किती वेळा डोळे मिटून घ्यायचे? आणि ह्या खेपेला काच माझ्या हातात होती, दादा. मीच धरायला लावत होते.

हेमचंद्र : ...पाणी मिळेल का थोडं?

एल्सी : घे. गोड आहे. विहीर शाळेची आहे, माझ्या कुळाचं नाव कडू असलं तरी हे पाणी गोड.

वसुधा : अकराला पडदे सारले तेव्हा मला आईची ओवी आठवली. ग्रहण सुटलं की न्हाऊन, चूल पेटवता पेटवता म्हणायची बघ. "गिराण सुटलं, सूर्व्या न्हाऊन आला दारी..." पोरांना म्हणून दाखवली. पण पुढची ओळ काही केल्या आठवेना. तुला येते?

हेमचंद्र : नाही. विसरलो.

एल्सी : माझ्या आईच्या दळायच्या दगडावरही गाणी होती. अर्धी राहिलीत. तू त्या दिवशी काय केलंस, मिशिगन?

हेमचंद्र : कुठल्या दिवशी?

एल्सी : ग्रहणाच्या. तिथंही दिसलं असेल.

हेमचंद्र : दिसलं की. आमच्याकडं भर बारा-साडेबाराला होतं. ऑफिसातली सगळी पार्किंग लॉटमध्ये गेली, प्लँटमधून वेल्डरची काच आणून. पार्टीच होती.

एल्सी : आणि तू?

हेमचंद्र : मला एक रिपोर्ट द्यायचा होता. मी आतच होतो. वसू, मूळ मुद्दा सोडू नकोस. तीन वाजले. मला काय ते सांग. सही?

वसुधा : सही मी करणार नाही. हे तू यायच्या आधीच ठरलंय. हवं तर त्या दोन वाक्यांखाली ग्रँजरांनी सही करावी. दिलगिरी त्यांची निघते. नोकरी गेली तर जाऊ दे. पण ह्या लोकांच्या नावावर मी खोटं लिहून देणार नाही. ते माझ्याशी इतकं खरं वागले, की मला उन्हात एकटं उभं राहू द्यायचं नाही म्हणून आपला सूर्य ओलांडून आले.

हेमचंद्र : यार, ठरलंच होतं, तर मग मला कशाला बोलावलंस? कांचनला सातवा महिना आहे. तिला आणि पोरीला सोडून मी इथं आलो, ते तू ऐकशील म्हणून.

वसुधा : इथं माणूस बोर्डापुढं एकटं उभं राहत नाही, दादा. बोलायला उठलं की पाठीशी त्याचं कूळ उभं लागतं. मावशी म्हणाली, तुझ्या पाठीशी आम्ही आहोत, पण तुझ्या रक्ताचं एकतरी माणूस दिसायला हवं. ह्या अख्ख्या देशात माझं कूळ म्हणजे तू एकटा. म्हणून बोलावलं. काही बोलू नकोस, नुसता उभा राहा.

हेमचंद्र : आणि मी नाही म्हटलं तर?

वसुधा : तर जाताना वाळूत ब्रेक दाबू नकोस.

(बाहेर एक गाडी येऊन थांबते. मग दुसरी. मग बऱ्याच. एकाही गाडीचं दार उघडल्याचा आवाज येत नाही.)

हेमचंद्र : कोण आलं? पिकअप ट्रक्स... आठ, नऊ... पलीकडं अजून धूळ उठतेय. अगं, पण कुणी उतरत नाहीये. काचा वर करून नुसते बसलेत, शाळेकडं बघत. बघ, मी म्हटलं नव्हतं? तमाशा बघायला आलेत. तुझ्या बाजूनं असते तर आत आले असते.

एल्सी : आमच्यात दार वाजवत नाहीत.

हेमचंद्र : म्हणजे?

एल्सी : कुणाच्या घरी गेलं की गाडीत बसून राहायचं. आतलं माणूस आपल्या सवडीनं बाहेर येतं, दिसतं. मग उतरायचं. दार वाजवतो तो पोलीस, नाहीतर सुपरिंटेंडंट.

वसुधा : त्या निळ्या ट्रकमध्ये लुसिंडाची आजी आहे, मखमली पोलकं घातलेली. बेचाळीस मैल कच्च्या रस्त्यानं आलीय. शेजारी मार्लीन. तिच्यामागचे ते सगळे माझ्या दहावीचे आईबाप. बोर्डाचे पाच मेंबर मोजून पाच खुर्च्या घेऊन येतील, दादा, आणि बघतील, तर त्या मांडायला भिंतीकडेलाही जागा उरलेली नाही.

एल्सी : तेवीस गाड्या झाल्या. कांदा कमी पडणार.

हेमचंद्र : आणि हे सगळे... वाट बघताहेत?

एल्सी : हिची. दारात उभी राहिली की उतरतील. अजून घाई नाही. हिच्यामागं कोण उभं राहतं, तेही बघतील.

हेमचंद्र : माझा कागद कुठाय?

एल्सी : हा. साली ठेवल्या मी त्याच्यावर. चांगला जाड आहे, ओल धरतो. साली मेंढ्यांना जातील.

हेमचंद्र : विमानात दोन तास लावले होते मी त्या ड्राफ्टला.

एल्सी : मेंढ्यांना सांगते.

वसुधा : दादा, मी जाते दारात. तुला यायचं नसेल तर इथंच थांब, मावशी कॉफी देईल. मी खरंच रागावणार नाही.

हेमचंद्र : थांब. थांब जरा. ते कसं म्हणायचं असतं? आधी आईचं?

वसुधा : आधी आईचं.

हेमचंद्र : मी हेमचंद्र. आईकडून कळंबाच्या झाडाचा. बाबांकडून पाच पालव्यांचा. ही माझी धाकटी बहीण. बरोबर आहे का, मावशी?

एल्सी : बरोबर आहे. जरा हळू म्हण. म्हाताऱ्यांना ऐकू कमी येतं. आणि मग?

हेमचंद्र : मग काय?

एल्सी : कूळ सांगून झालं की माणूस खरं काय ते सांगतो. नुसतं नाव सांगून खाली बसत नाहीत.

हेमचंद्र : मग मी सांगेन... वसू, तूही ऐक. रिपोर्ट वगैरे काही नव्हता. सगळे खाली गेल्यावर मी केबिनचे ब्लाइंड्स ओढून घेतले. घरी फोन केला, कांचनला म्हटलं, दोन वाजेपर्यंत सुरी हातात घेऊ नकोस, काही चिरू नकोस, नुसती बसून राहा. ती हसली, म्हणाली, तुम्ही? मी फोन ठेवला आणि डोळे मिटून बसलो. डबा समोर होता, त्याला हात लावला नाही. दोन वाजता सुटलं, तेव्हा ब्लाइंड्स वर केले, आणि कुणी नाहीसं बघून आईची ओवी म्हटली, पुरती. "गिराण सुटलं, सूर्व्या न्हाऊन आला दारी, उपाशी माझी बाळं, त्यांना वाढीते भाकरी." मग डबा उघडला.